दादाला गड दाखवले तेव्हा

मी आयुष्यात जेवढे गड चढलो, तेवढे सगळे वैतागून उतरलो. यात गडांचा दोष नाही. ते आपापल्या जागी गप्प उभे असतात, कुणाला बोलावत नाहीत. बोलणारे आपल्या बरोबर येतात. आपल्याला दम लागलेला असतो, घशाला कोरड पडलेली असते, आणि नेमक्या त्याच वेळी कुणीतरी पडक्या भिंतीवर हात ठेवून म्हणतो, "इथले दगड बोलतात!" दगड काही बोलत नाहीत. हाच बोलतो, आणि तासभर बोलतो.

त्या दिवसांत मी सांगलीच्या एका शाळेत शिकवत होतो आणि तिथल्या एका इतिहासप्रेमी मंडळाचा चिटणीस होतो. मंडळाचं नाव सांगत नाही. ते आता उरलेलं नाही आणि त्याबद्दल कुणी हळहळल्याचं माझ्या कानावर नाही. चिटणीस हा शब्द भारदस्त आहे, पण काम असं की सतरंजी उचलायची, फिरकीचा तांब्या सांभाळायचा आणि अध्यक्ष जे बोलतील ते वहीत टिपून घ्यायचं. अध्यक्ष निवृत्त वकील होते. कोर्टात त्यांचं फारसं कुणी ऐकून घेतलं नव्हतं, म्हणून ते इतिहासाकडे वळले होते. मेलेली माणसं मधे हरकत घेत नाहीत. त्यांना आपल्या मुलुखातले गड, घाट, देवळं आणि समाध्या यांच्यावर एक मोठं स्थळवर्णन लिहायचं होतं, आणि त्यासाठी दर सुटीत मंडळ कुठंतरी कूच करायचं. तासगावचं गोपूर झालं, दंडोबाच्या डोंगरातलं देऊळ झालं, कऱ्हाडचे मनोरे झाले. प्रत्येक ठिकाणी अध्यक्ष आधी मत देत आणि मग ती जागा पाहत.

जर्मनीबरोबरची लढाई संपली त्याच्या पुढच्या उन्हाळ्यात माझा थोरला भाऊ रजेवर आला. आमचं गाव कोरेगावच्या बाजूचं. तिकडच्या बहुतेक घरांसारखंच आमचंही घर: एक भाऊ शेतात, एक पलटणीत, आणि एक माझ्यासारखा शाळा शिकून वाया गेलेला. दादा इटलीत लढून आला होता. घरी जेमतेम चार दिवस राहिला आणि पाचव्या दिवशी सांगलीला माझ्या खोलीवर येऊन ट्रंकेवर बसला. चहा झाल्यावर म्हणाला, "मला एका गावाला जायाचं हाय. तू संगं चल."

ते गाव महाबळेश्वरच्या पलीकडे, प्रतापगडाखालच्या खोऱ्यात होतं. पलटणीतला दादाचा जोडीदार तिथला. भरतीपासून दोघं एकत्र होते. तो इटलीत दादाच्या मांडीवर डोकं ठेवून गेला. घरी सरकारी तार पोचून वर्ष उलटलं होतं, पण घरच्यांनी ती मानलीच नव्हती. त्याला कारण होतं. त्याच खोऱ्यात आधी एका घरी अशीच तार आली होती. त्यांनी दिवस घातले, सुनेच्या बांगड्या फोडल्या, आणि पुढच्या दिवाळीला तो माणूस पाठीवर वळकटी टाकून दारात उभा राहिला. तेव्हापासून खोऱ्यानं ठरवून टाकलं होतं की कागदावर कुणी मरत नाही. ज्यानं डोळ्यांनी पाहिलं त्यानं घरी येऊन तोंडानं सांगायचं, मगच सुतक आणि मगच बाकीचं सगळं. दादाच्या जोडीदाराच्या आईनं गावच्या मास्तराकडून पलटणीला तसं पत्रच लिहवून घेतलं होतं: शेवटी जो जवळ होता त्यानं यावं. जवळ दादा होता.

"दोन दिवसांचं काम हाय," मी म्हणालो. दादाशी मी घरच्यासारखंच बोलायचो. शाळेतली भाषा शाळेपुरती. "उद्याच निघू."

पण उद्या मंडळ निघणार होतं. सातारा, माहुली, वाई, मेणवली, पाचगणी, महाबळेश्वर आणि शेवटी प्रतापगड. मी हुशारी केली. मंडळानं ठरवलेली मोटार तिकडंच जाते आहे, तर दादाला तीतच घालू, असा हिशेब मांडला आणि अध्यक्षांकडे शब्द टाकला. भावाला त्या बाजूला कुणाला तरी भेटायचं आहे, एवढंच सांगितलं. अध्यक्षांचे डोळे चमकले. "रणांगणावरून आलेला मावळा आपल्यासंगे गड चढणार! वा!" मंडळातले तीन मास्तर लगेच "वा!" म्हणाले. हे तिघं सगळीकडे बरोबर असत आणि तिघांत मिळून हा एकच उद्गार होता. मला वाटलं, दादा नाही म्हणेल. सहा दिवस हे ऐकत फिरण्यापेक्षा तो चालत जाईल. पण दादा म्हणाला, "बरं हाय की. बघू या समदं." मला तेव्हाच शंका यायला हवी होती.

बरोबर अध्यक्षांच्या पत्नीही होत्या. बाईंना गडाशी देणंघेणं नव्हतं, त्या देवांसाठी येत. प्रत्येक गडावर एखादी देवी असतेच, आणि ती कुठं आहे हे बाईंना चढायच्या आधीच ठाऊक असे. मनानं त्या वाईट नव्हत्या. प्रवासात सगळ्यांना त्यांनीच खाऊ घातलं. पण त्या नियमानं वागणाऱ्या होत्या. एकदा नियम सापडला की त्यांना समोरचा माणूस दिसेनासा व्हायचा.

पहिल्या दिवशी अजिंक्यतारा. अध्यक्ष एका खड्ड्यापाशी थांबले, छत्रीचं टोक आत फिरवलं आणि ही गुप्त खजिन्याची कोठडी असल्याचं त्यांनी जाहीर केलं. शेजारी एक म्हातारा गवत कापत होता. तो म्हणाला, "चुन्याची घानी हाय ती. माझा आज्जा हितंच चुना मळायचा." अध्यक्षांनी त्याच्याकडे न पाहता मला सांगितलं, "लिहा. याबाबत विद्वानांत वाद आहे." मी लिहिलं. वाद गवत कापणाऱ्याशी होता, आणि विद्वान त्या दोघांपैकी कोण हे माझ्या मनात स्पष्ट होतं. दादा मात्र सबंध गडभर फिरला. बुरूज मोजले, तळं पाहिलं, देवीच्या देवळात बसून राहिला, आणि सगळे उतरायला लागले तेव्हा म्हणाला, "त्या अंगाला काय हाय?" त्या अंगाला काही नव्हतं. तरी आम्ही जाऊन पाहिलं.

माहुलीला संगमावर तेच. मला ती देवळं आवडतात, कृष्णेचं आणि वेण्णेचं पाणी एकमेकांत शिरतं ते पाहायला आवडतं. पण एका दगडी नंदीवर पाऊण तास बोलता येतं हे मला तिथं कळलं. तिथल्या गुरवाला बाईंनी दक्षिणा दिली, त्यानं तेवढ्यापुरती माहिती दिली, आणि दादानं त्याला पुन्हा सुरुवातीपासून सांगायला लावलं. घाट कुणी बांधला, पाणी कुठवर चढतं, पायऱ्या किती. गुरवालाही आश्चर्य वाटलं असावं. मी दादाला बाजूला घेतलं. "तुला कवापासनं देवळांचं याड लागलं?" तो म्हणाला, "आलोच हाय तर बघून घेतो. गडबड कशाला, गड्या?"

वाईहून मेणवलीला गेलो. तिथं घाटावरच्या देवळात एक मोठी घंटा टांगलेली आहे, फिरंग्यांच्या देवळातली. वसईच्या लढाईनंतर ती इकडे आणली. अध्यक्ष तिच्याखाली उभे राहून विजयावर बोलू लागले. आवाज असा चढला की धुणं धुणाऱ्या बायका हात थांबवून पाहू लागल्या. मग त्यांना आठवलं की आपल्याबरोबर विजयी सैनिक आहे. "तुम्ही सांगा," ते दादाला म्हणाले, "ही पाहून तुमचा ऊर भरून येत असेल!"

दादानं घंटेला हात लावून पाहिला. "असल्या घंटा तिकडं गावोगाव हायती," तो म्हणाला. "तोफा चालल्या की मनोऱ्यासकट खाली यायच्या. एका गावात घंटा पडली ती आत झोपलेल्या पोरांवर."

अध्यक्ष मला हळूच म्हणाले, "हे टिपू नका." मी टिपलं नाही. त्या सबंध प्रवासात ऐकलेलं ते एकच वाक्य टिपण्यासारखं होतं, आणि तेच माझ्या वहीत नाही.

पेट्रोल अजून रेशनवरच होतं. आमची मोटार कोळशाच्या गॅसवर चालायची. मागे बंबासारखं एक मोठं पिंप लावलेलं, त्यात कोळसा पेटवायचा, आणि त्या धुरावर ती मोटार सपाटीला कशीबशी धावायची. पसरणीच्या घाटात तिनं मान टाकली. ड्रायव्हर वाईचा एक शांत मुसलमान गृहस्थ होता. तो खाली उतरून पिंपातला कोळसा ढोसत बसला आणि म्हणाला, "ढकलावी लागेल, साहेब." दादानं, मी आणि तिन्ही मास्तरांनी ढकलली. अध्यक्ष आत बसून कृष्णेच्या खोऱ्याचं वर्णन करत होते. वळणावळणावर थांबून, ढकलून, पुन्हा थांबून आम्ही घाट चढलो. माझ्या सदऱ्याला कोळसा लागला तो कधीच गेला नाही. दादा हसत होता. एवढं ढकलायला लागूनही तो प्रसन्न होता, आणि त्याचं मला कोडं पडलं होतं.

पाचगणीच्या पठारावर वारा मोकाट होता. अध्यक्षांची टोपी दोनदा उडाली. त्यांनी इतिहास सांगायचा प्रयत्न केला, पण वाऱ्यात ऐकू येत नव्हतं, म्हणून ती जागा मला मनापासून आवडली. दुसऱ्या दिवशी सकाळी पुढं निघायचं होतं, तर दादा म्हणाला, "आणखी एक दीस ऱ्हाऊ या की हितं. हवा लय चांगली हाय." अध्यक्ष खूश. माझ्या मात्र डोक्यात तिडीक गेली. "आरं, तिकडं ती मान्सं तुझी वाट बघत असत्याल," मी म्हणालो.

"बघू दे," दादा म्हणाला. "वाट बघण्यात काय वाईट हाय?"

मला त्याचा संताप आला. मनात आलं, चार मुलुख पाहून आलेला माणूस असाच होतो. मेलेल्या मित्राच्या आईपेक्षा ह्याला हवा महत्त्वाची. हे मी तेव्हा खरंच मानत होतो, म्हणून इथं लिहितो.

महाबळेश्वरला सीझन भरात होता. मुंबईची बडी माणसं, साहेब, मडमा, माणसांनी ओढायच्या रिक्षा, मधाच्या बाटल्या. तिथल्या प्रत्येक कड्याला कुणा ना कुणा साहेबाचं नाव. हजारो वर्षं कडा उभा आहे, एक साहेब सकाळी त्याच्यावर चढून हवा खाऊन आला, आणि कडा त्याचा झाला. अध्यक्षांनी यावर ताशेरे ओढले, आणि मग बाजारातून एकेका पॉइंटची छापील यादी आणून त्याच क्रमानं आम्हाला फिरवलं. जुन्या महाबळेश्वरात दगडी गायीच्या मुखातून पाच नद्यांचं पाणी पडतं. तिथं बाईंनी पाची नद्यांचं पाणी वेगवेगळ्या बाटल्यांत मागितलं. गुरवानं एकाच धारेखाली पाची बाटल्या धरल्या. मी पाहिलं आणि गप्प बसलो. दादानं सगळे पॉइंट पाहिले. एकही सोडला नाही. एका कड्यावर तर तो इतका वेळ बसला की मास्तरांना वाटलं, त्याला कविता सुचते आहे.

सहाचे आठ दिवस झाले तेव्हा आम्ही प्रतापगडावर पोचलो. गडावर अध्यक्षांचा सर्वांत आवडता कार्यक्रम होता. ते महाराज झाले, सर्वांत जाड मास्तर खान झाले, आणि छत्रीनं भेटीचा प्रसंग साजरा झाला. मिठी, आरोळी, छत्री पोटात, पुन्हा आरोळी. खान झालेले मास्तर तीनदा पडले, कारण पहिल्या दोन वेळा अध्यक्षांना ते पटले नाहीत. दादा पायरीवर बसून पाहत होता. अध्यक्षांनी घाम पुसत विचारलं, "कसं काय, जवान?"

"आवं," दादा म्हणाला, "एवढ्या जवळनं मारताना मानूस वरडत न्हाई. त्येचा दम आपल्या तोंडावर येतो. तेवढाच आवाज."

अध्यक्षांनी छत्री मिटली. मला आतून फार बरं वाटलं.

बाई देवीच्या दर्शनाला गेल्या आणि आम्ही दोघं तटावर आलो. खाली खोरं पसरलं होतं. दादानं बोट दाखवलं. दोन टेकाडांच्या मधे दहाबारा छपरं, वर निळसर धूर. "त्ये गाव," तो म्हणाला. त्याला कुणी ते आधी दाखवलेलं नव्हतं. जोडीदारानं वर्णन केलेलं त्याच्या मनात पक्कं होतं. मी म्हणालो, "मग चल. दोन तासांत पोचू." दादा म्हणाला, "आपन असं करू या का? परत म्हाबळेश्वराला जाऊ. तो एक पाइंट धुक्यात नीट दिसला न्हाई."

माझं टाळकं सरकलं. आठ दिवस साठलेलं सगळं बाहेर आलं. मी त्याला लाज आहे का विचारलं. म्हातारी वर्षभर उंबऱ्यात बसली आहे आणि तू धुक्यातले कडे बघत हिंडतोस, म्हणालो. घाबरलास, म्हणालो. पलटणीतला माणूस आणि एका बाईपुढं जायला भितो.

दादानं सगळं ऐकून घेतलं. मग खाली त्या छपरांकडे बघतच बोलला. "त्येची बायको हाय. आमच्या दोघांचं लगीन एकाच साली झालं. आता ती सैपाक करत असंल. कुकू लावलं असंल, हातात बांगड्या असत्याल. मी तितं पोचंपतूर ती सवाशीन हाय. ह्ये तुला कळतंय का? मी एक दीस उशिरा गेलो तर तिला एक दीस जास्ती मिळतो. माझ्याकडनं तिला द्यायला दुसरं काय न्हाई."

आठ दिवस मी सगळ्यांना हसत होतो आणि सर्वांत मोठा मूर्ख मीच होतो. अध्यक्षांना निदान ते जे पाहत होते त्यातलं थोडंफार कळत होतं. माझ्या शेजारी माझा भाऊ बसला होता आणि मला काही कळलं नव्हतं.

इथं थांबलो असतो तरी चाललं असतं. पण मला वाटलं, निदान ह्या लोकांना गप्प करावं, दादाला ह्यांच्या तावडीतून सोडवावं. म्हणून मी तडक अध्यक्षांकडे गेलो आणि त्यांना सगळं सांगितलं. तार, पत्र, ती आई, ती बायको, दादा कशाला चाललाय ते. बाई देवळातून येऊन शेजारीच उभ्या होत्या. मला वाटलं, हे ऐकून ते शरमतील आणि आम्हाला वाट देतील. माणसाला आपल्या बोलण्याचा भरवसा वाटतो तो असा.

अध्यक्षांच्या डोळ्यांत पाणी आलं. ते खरं होतं, त्यात ढोंग नव्हतं. "वीरपत्नी!" ते म्हणाले. "गडाच्या पायथ्याशी! अहो, हे आधी सांगायचं नाही का? मंडळानं तिचा सत्कार केलाच पाहिजे." तिन्ही मास्तर "वा!" म्हणाले. दादा हात जोडून म्हणाला, "आवं, आमी दोघंच जातो. तुमी नगा येऊ." त्याची ही नम्रता म्हणजे शौर्याचा दागिना असल्याचं अध्यक्षांनी मास्तरांना सांगितलं. मोटार रस्त्याला सोडून, नारळ, उपरणं आणि सतरंजी घेऊन अख्खं मंडळ खोऱ्यात उतरलं. पायवाटेनं पुढं अध्यक्ष, मागं दादा, आणि सगळ्यांच्या मागं मी. सतरंजी माझ्याच खांद्यावर होती.

कारवीच्या कुडाचं घर, पुढं सारवलेलं अंगण. म्हातारी सोप्यात बसली होती. कपाळ मोकळं, तिचा नवरा कधीच गेलेला. दादाला तिनं कधी पाहिलं नव्हतं, पण आम्हा सगळ्यांतून तिनं त्यालाच ओळखलं. "आलास, बाबा," म्हणाली. "बस. दमला असशील." आणि बाकीच्या आमच्याकडे पाहून "बसा, बसा" म्हणाली. कशाला आलात, हे तिनं विचारलं नाही.

सून आतून गूळ आणि पाणी घेऊन आली. बावीस-तेवीस वर्षांची असेल. कपाळावर आडवं कुंकू, हातभर हिरव्या बांगड्या. तिनं पहिला तांब्या दादापुढं ठेवला. "आवं, आधी पानी घ्या." मग तिनं विचारलं, वाट सापडली का नीट? मग म्हातारीनं विचारलं, तुमच्याकडं औंदा पाऊस कसा झाला? दादानं सांगितलं. दादानं विचारलं, नाचणी किती झाली? म्हातारीनं सांगितलं. सून म्हणाली, म्हैस व्याली, पारडी झाली. दादा म्हणाला, बरं झालं. शेजारच्या दोन बायका येऊन दाराशी बसल्या आणि त्यांनीही पावसाचंच विचारलं. तेव्हा माझ्या लक्षात आलं की हे लांबवायचं काम दादा एकटा करत नव्हता. ते घर वर्षभर तेच करत होतं.

अध्यक्षांनी घसा साफ केला आणि नारळ हातात घेतला. मी त्यांचा दंड धरला. जोरात धरला, खुणा उमटल्या असतील. "बसा," मी म्हणालो, आणि आयुष्यात पहिल्यांदा ते माझ्या सांगण्यावरून बसले. मला वाटलं, जिंकलो. पण माझं लक्ष त्यांच्यावर होतं, बाईंवर नव्हतं.

बाईंनी कनवटीची पुडी सोडली. गडावरच्या देवीचं कुंकू होतं. देवीचं कुंकू घेऊन कुणी घरी आलं की घरातल्या सगळ्या सवाष्णींना ते लावायचं, एकीलाही वगळायचं नाही, आणि विधवेला लावायचं नाही. हे आमच्याकडं लहान पोरीलाही माहीत असतं. बाई उठल्या. दाराशी बसलेल्या पहिल्या बाईला लावलं. दुसरीला लावलं. मधे म्हातारी होती, तिला सोडून त्या पुढं सरकल्या. सून पदर सावरून, मान थोडी वर करून उभी होती. बाईंचं बोट तिच्या कपाळापर्यंत गेलं. तिथं ते थांबलं आणि मागं आलं. बाईंनी पुडी मिटली आणि त्या जागेवर जाऊन बसल्या.

त्यांनी शब्दही उच्चारला नाही. नियमाप्रमाणे वागल्या.

सून म्हणाली, "मला लावायचं ऱ्हायलं." बाईंनी अध्यक्षांकडे पाहिलं. अध्यक्ष जमिनीकडे पाहू लागले. मग सुनेनं दादाकडे पाहिलं, आणि दादानं मान खाली घातली. तो त्यासाठीच आला होता, आठ दिवस ते टाळत आला होता, आणि ते त्याच्या हातून नाही, एका पुडीवरून होत होतं. आणि ती पुडी मी तिथवर आणली होती. मला त्या क्षणी माझी इतकी किळस आली की तेवढी दुसऱ्या कुणाची कधी आली नाही.

म्हातारी उठली. गुडघ्यांवर हात टेकत बाईंपाशी गेली आणि तिनं त्यांच्या हातातली पुडी घेतली. बाई एकदम मागं सरल्या. विधवेनं देवीच्या कुंकवाला हात लावलेला त्यांनी कधी पाहिला नसावा. म्हातारीनं चिमूट घेतली, सुनेची हनुवटी धरली आणि तिच्या कपाळावर ते भरपूर लावलं, नाकावर सांडलं इतकं. "आमच्या घरात अजून कुनी काय सांगितलं न्हाई, बाई," ती म्हणाली. मग दादाकडे वळली. "आता सांग, लेकरा. पयल्यापासनं सांग. गडबड नगं करू."

दादानं भरतीच्या दिवसापासून सुरुवात केली. पहिल्या रात्री बराकीत दोघांना झोप आली नव्हती, ते सांगितलं. बूट कसे चावायचे, बोटीवर जोडीदार किती ओकला, आणि एका खेचरानं त्याची टोपी कशी खाल्ली, ते सांगितलं. सून त्या खेचराला हसली. मी बाहेर जाऊन मंडळाला सांगितलं की तुम्ही पुढं व्हा, आणि ते निघून गेले. वरच्या रस्त्यावरून मोटारीचा हॉर्न ऐकू आला, मग तोही थांबला. मी परत येऊन भिंतीला टेकून बसलो. सून समोर बसली होती, कुंकू तसंच. दादाचं बोलणं संपेपर्यंत ती सवाष्ण होती, आणि दादा दिवस मावळेपर्यंत बोलत राहिला.